तीस मोहिमांचे आयुष्य : ब्रिटिश बॉम्बर वैमानिक, १९३९ ते १९४५

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या शाही हवाई दलातील ‘बॉम्बर कमांड’ या विभागात, म्हणजे शत्रूच्या मुलखात खोलवर जाऊन बॉम्बफेक करण्यासाठी वेगळ्या काढलेल्या दलात, सुमारे १,२५,००० विमानकर्मी दाखल झाले आणि त्यांपैकी ५५,५७३ जण मरण पावले. हा आकडा बहुधा शौर्याची साक्ष म्हणून दिला जातो, आणि ती साक्ष खरीही आहे; परंतु बॉम्बर वैमानिकाचा इतिहास केवळ शौर्याच्या अंगाने लिहिला, तर त्यातला सर्वांत अवघड भाग निसटून जातो. नुकतीच विशी ओलांडलेल्या तरुणावर या व्यवसायाने दोन जबाबदाऱ्या टाकल्या होत्या : एक, त्याच विमानात बसलेल्या सहा सोबत्यांच्या जिवाची, आणि दुसरी, खाली अंधारात पसरलेल्या, त्याला कधीही नीट न दिसणाऱ्या शहराची. पहिली जबाबदारी प्रशिक्षणाने, नियमांनी आणि शौर्यपदकांनी वारंवार अधोरेखित केली. दुसरी मात्र वरिष्ठांच्या आदेशांत विरून गेली, आणि युद्धानंतर तिचा उच्चार होऊ लागताच या माणसांचे ऋण मान्य करण्यासही राज्यकर्ते दीर्घकाळ कचरले.

बॉम्बर कमांडची स्थापना १४ जुलै १९३६ रोजी झाली. बॉम्बर विमाने थव्याने, दिवसाउजेडी उडाली आणि आपापल्या मशीनगनांनी एकमेकांचे रक्षण करीत राहिली, तर ती लक्ष्यापर्यंत पोहोचतातच, असा त्या काळच्या ब्रिटिश हवाई दलाचा ठाम समज होता, आणि युद्धाच्या पहिल्या चार महिन्यांतच तो साफ कोलमडला. ४ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, विल्हेल्म्सहाफेन आणि परिसरातील जर्मन युद्धनौकांवर झालेल्या हल्ल्यात सात विमाने गमावली गेली. या पहिल्या हल्ल्याचे नेतृत्व ११० क्रमांकाच्या ‘हैदराबाद’ स्क्वाड्रनकडे होते. स्क्वाड्रन म्हणजे साधारण डझन-दोन डझन विमानांची लढाऊ तुकडी, आणि या तुकडीला हे नाव मिळाले ते पहिल्या महायुद्धात निजामाने तिच्या विमानांसाठी दिलेल्या पैशामुळे. निजामाच्या राज्यात त्या वेळी मराठवाड्याचे जिल्हे होते, ही गोष्ट लक्षात घेतली, तर औरंगाबाद, बीड, परभणीच्या रयतेने भरलेल्या साऱ्याचा एक धागा उत्तर समुद्रावरील त्या पहिल्या हल्ल्यापर्यंत पोहोचतो. युरोपातल्या या युद्धाच्या इतिहासात तो धागा क्वचितच उलगडला जातो. पुढे १८ डिसेंबरला हेलिगोलँडच्या उपसागरावर गेलेल्या २२ वेलिंग्टन विमानांपैकी १२ परतली नाहीत, आणि त्यानंतर दिवसाची बॉम्बफेक जवळपास सोडून देऊन बॉम्बर वैमानिकाला रात्रीच्या हवाली करण्यात आले.

रात्रीने विमान लपवले, पण लक्ष्यही लपवले. १९४१ च्या ऑगस्टमध्ये डी. एम. बट या सरकारी अधिकाऱ्याने विमानांतून घेतलेल्या सहाशेहून अधिक छायाचित्रांचा अभ्यास करून काढलेला निष्कर्ष असा होता की, लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी फक्त एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती, आणि कारखान्यांच्या धुराने झाकलेल्या ऱ्हूर खोऱ्यात हे प्रमाण दहांत एक इतके घसरत होते. यावर दोन मार्ग होते : बॉम्बफेक थांबवणे, किंवा जे लक्ष्य चुकवताच येणार नाही असे मोठे लक्ष्य निवडणे. ब्रिटिश सरकारने दुसरा मार्ग निवडला. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शत्रूच्या नागरी लोकसंख्येचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हे प्रमुख लक्ष्य ठरले, म्हणजेच एखाद्या कारखान्याऐवजी अख्खे शहर लक्ष्य झाले. या पद्धतीला ‘क्षेत्रीय बॉम्बफेक’ असे नाव पडले. या आदेशानंतर सुमारे आठवडाभराने आर्थर हॅरिस हे बॉम्बर कमांडचे प्रमुख झाले, आणि आदेश त्यांनी लिहिलेला नसला तरी तो अमलात आणण्याचा ध्यास त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. वैमानिकाच्या दृष्टीने पाहता, त्याच्या व्यवसायाचा अर्थच या आदेशाने बदलला, आणि हा बदल त्याला विचारून झालेला नव्हता.

बॉम्बर कमांडमधील प्रत्येक विमानकर्मी स्वेच्छेने आलेला असे. सक्तीच्या भरतीतून कोणालाही विमानात बसवले जात नव्हते. हे तरुण ब्रिटनचेच होते असेही नाही. डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात झालेल्या करारानुसार कॅनडाच्या विस्तीर्ण, निरभ्र आणि शत्रूपासून दूर असलेल्या प्रदेशात प्रशिक्षणकेंद्रांचे जाळे उभे राहिले, तेथून युद्धाच्या काळात १,३१,००० हून अधिक विमानकर्मी तयार होऊन बाहेर पडले, आणि बॉम्बर कमांडच्या मृतांत कॅनडाच्या हवाई दलाचे जवळजवळ दहा हजार व ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाचे चार हजारांहून अधिक जण आहेत. १९४० मध्ये ब्रिटनला पाठवलेल्या २४ भारतीय वैमानिकांच्या पहिल्या तुकडीतील काही जण बॉम्बर विमानांवर गेले. त्यांपैकी शिवदेव सिंग यांनी चार इंजिनांच्या स्टर्लिंग विमानांतून जर्मनीवर मोहिमा केल्या आणि स्वातंत्र्यानंतर ते भारतीय हवाई दलाचे उपप्रमुख झाले.

भरतीपासून पहिल्या मोहिमेपर्यंत वैमानिकाची साधारण दीड ते दोन वर्षे जात. टायगर मॉथ या दोन पंखी छोट्या विमानावर तो हात बसवी, मग दोन इंजिनांच्या विमानावर येई, रात्री केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवण्यास शिके आणि त्यानंतर ‘ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट’ या नावाच्या केंद्रात, म्हणजे लढाईपूर्वीच्या अखेरच्या शाळांपैकी एकीत, दाखल होई. या केंद्रांत वापरली जाणारी विमाने बहुधा आघाडीवरून निवृत्त केलेली, झिजलेली असत, इंग्लंडची हवा बेभरवशाची असे, आणि शिकणाऱ्यांच्या हाती अनुभव नसे. परिणामी युद्धकाळात केवळ प्रशिक्षणातील अपघातांतच बॉम्बर कमांडचे पाच हजारांहून अधिक जण मरण पावले. शत्रूचे विमान एकदाही न पाहता मेलेल्या या माणसांचा उल्लेख शौर्यगाथांत फारसा येत नाही, आणि तो यायला हवा.

याच केंद्रात या व्यवसायातील सर्वांत विलक्षण प्रथा पाळली जाई. वैमानिक, दिशादर्शक, बॉम्ब सोडणारे, बिनतारी यंत्र सांभाळणारे आणि तोफची अशा सर्वांना एका हँगरमध्ये किंवा मोठ्या खोलीत एकत्र सोडून, आपापली पथके आपणच जमवा, असे सांगितले जाई. एरवी बुटांच्या लेसपर्यंत सर्व गोष्टींना नियम लावणाऱ्या लष्कराने माणसांच्या निवडीचा हा निर्णय मात्र माणसांवरच सोपवला होता. कोणी कोणाचा चेहरा पाहून विश्वास टाकी, कोणी आधीच जमलेल्या मित्राला घेऊन येई, आणि संध्याकाळपर्यंत पथके तयार होत. ही पद्धत वरवर बेशिस्तीची वाटली तरी तिच्यामागे खोल समज होती, कारण ज्यांना पुढे अंधारात एकमेकांच्या केवळ आवाजावर विसंबायचे होते, त्यांनी एकमेकांना आपण होऊन निवडलेले असणे ही त्यांच्या एकजुटीची पहिली अट होती. पथक जमले की वैमानिक हाच त्याचा कप्तान होई, मग त्याचा हुद्दा काहीही असो. त्यामुळे सार्जंट दर्जाचा वैमानिक जमिनीवर ज्या अधिकाऱ्याला सलाम करी, तोच अधिकारी आकाशात दिशादर्शक म्हणून त्याच्या आज्ञेत वागे. हुद्द्यांच्या भिंती एरवी भक्कम असलेल्या ब्रिटिश समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

१९४२ नंतर या पथकांपैकी बहुतेकांच्या वाट्याला जे विमान आले ते लँकेस्टर. एव्हरो कंपनीचे अभियंते रॉय चॅडविक यांनी रचलेल्या या विमानाला चार मर्लिन इंजिने होती, त्याच्या पंखांचा विस्तार १०२ फूट होता, टाक्यांत सुमारे ९,८०० लिटर इंधन मावे, आणि बॉम्ब व इंधन पूर्ण भरल्यावर त्याचे वजन ३० टनांच्या घरात जाई. अशी ७,३७७ विमाने बांधली गेली. या विमानात वैमानिक एकटाच होता, ही बाब विशेष महत्त्वाची. पूर्वी मोठ्या बॉम्बर विमानांत सहसा दोन वैमानिक असत. परंतु वैमानिक घडवण्यास लागणारा काळ आणि त्यांचा होणारा नाश यांचा मेळ बसेना, म्हणून १९४२ मध्ये दुसरा वैमानिक काढून त्याच्या जागी ‘फ्लाइट इंजिनियर’, म्हणजे इंजिने व इंधन यांवर लक्ष ठेवणारा तंत्रज्ञ, बसवण्यात आला. त्यामुळे सहा-सात, कधी त्याहूनही अधिक तास चालणाऱ्या उड्डाणात वैमानिकाला आपली डावीकडील उंच जागा सोडता येत नसे. आपल्या हवाई छत्रीवरच तो बसलेला असे, डोक्यामागे चिलखती पत्रा असे, आणि स्वयंचलित नियंत्रण उपलब्ध असूनही शत्रूच्या प्रदेशावर त्यावर विसंबणे धोक्याचे मानले जाई, कारण हल्ला झाल्यावर विमान वळवण्यास एक-दोन सेकंदच हाती असत.

विमानाची रचना बॉम्ब वाहून नेण्यासाठी होती, माणसे वाचवण्यासाठी नव्हती. पंख जोडणारा जाडजूड आडवा खांब विमानाच्या पोटातून आरपार गेलेला असल्याने जाड कपडे घातलेल्या माणसाला अंधारात तो ओलांडणे जिकिरीचे होई, आणि पुढच्या भागातील लोकांसाठी नाकाच्या तळाशी असलेला सुटकेचा दरवाजा जेमतेम २२ इंच रुंद होता. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेले फ्रीमन डायसन या काळात, वयाच्या विशीच्या आतबाहेर, बॉम्बर कमांडच्या मुख्यालयातील संशोधन विभागात काम करीत होते. पाडल्या गेलेल्या लँकेस्टरमधून जिवंत बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण हॅलिफॅक्स विमानाच्या मानाने बरेच कमी असल्याचे त्या विभागातील अभ्यासातून दिसले, आणि दरवाज्याची अरुंदी हे त्याचे एक कारण असल्याचेही दाखवून देण्यात आले. तरीही दरवाजा रुंद करण्याचे काम इतके रेंगाळले की बहुतेक पथकांना त्याचा लाभ झालाच नाही. शौर्याची स्तुती करणाऱ्या यंत्रणेला काही इंच पत्रा कापण्याची निकड वाटू नये, हे या इतिहासातले एक अक्षम्य पान आहे.

मोहिमेचा दिवस सकाळी फलकावर लागणाऱ्या यादीने सुरू होई. यादीत नाव असलेली पथके आपले विमान थोडा वेळ उडवून तपासत, आणि त्याच वेळी तळाचा बाहेरच्या जगाशी असलेला दूरध्वनीचा संपर्क तोडला जाई. दुपारनंतर सर्वांना माहितीसाठी एका मोठ्या खोलीत बोलावले जाई. भिंतीवरील नकाशावरचा पडदा बाजूला झाला की लिंकनशायर किंवा यॉर्कशायरमधील तळापासून लक्ष्यापर्यंत ताणलेली फीत दिसे, आणि ती ऱ्हूर खोऱ्याकडे किंवा बर्लिनकडे जात असेल तर खोलीत कुजबुज उठे. हवामान, शत्रूच्या विमानविरोधी तोफा, मार्गातील वळणे, लक्ष्यावर रंगीत ज्योती टाकून खूण करणाऱ्या ‘पाथफाइंडर’ विमानांच्या वेळा, असे सगळे सांगितले जाई. त्या शहरात कोण राहते, याची चर्चा मात्र या खोलीत होत नसे. नंतर युद्धकाळात दुर्मीळ झालेले अंडे आणि बेकन यांचे जेवण मिळे. खिशातील पत्रे, तिकिटे, ओळख पटवणाऱ्या सर्व वस्तू काढून ठेवायच्या आणि त्याऐवजी रेशमी कापडावर छापलेले नकाशे, परकी चलन व छोटे होकायंत्र असलेली सुटकेची पिशवी घ्यायची, असा नियम होता.

विमानापाशी पोहोचल्यावर वैमानिक ‘फॉर्म ७००’ या कागदावर सही करी. हा कागद म्हणजे विमान सुस्थितीत असल्याची जमिनीवरील यंत्रज्ञांनी दिलेली हमी आणि ते आपल्या ताब्यात घेतल्याची वैमानिकाची पोच. हिवाळ्यात उघड्या माळावर, बोटे बधिर करणाऱ्या थंडीत रात्रंदिवस इंजिने दुरुस्त करणारे हे यंत्रज्ञ विमान आपलेच मानत, वैमानिकाला ते जणू रात्रीपुरते उसने देत, आणि पहाटे त्याची वाट पाहत उभे राहत. ज्या तळावर एखादे विमान परतले नाही, तेथे त्याच्या यंत्रज्ञांची जी अवस्था होई तिचे वर्णन अनेक आठवणींत आढळते. तांत्रिक चुकीमुळे तर ते पडले नसेल ना, ही शंका त्यांचा पाठलाग करी.

पूर्ण भरलेल्या लँकेस्टरला जमीन सोडायला धावपट्टीची जवळजवळ सगळी लांबी लागे, आणि एखादे इंजिन त्या क्षणी बंद पडले तर पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक असे. आकाशात शेकडो विमाने दिवे मालवून एकाच प्रवाहात, एकमेकांना न दिसता उडत. शत्रूच्या किनाऱ्यावरील रडारांच्या साखळीतून सर्वांनी एकदमच घुसावे आणि ती यंत्रणा भांबावून जावी, हा त्या प्रवाहामागील हेतू होता, मात्र त्यामुळे आपापसांत टक्कर होण्याचा किंवा वरच्या विमानाचे बॉम्ब अंगावर पडण्याचा धोका पत्करावा लागे. शोधदिव्यांच्या झोतात सापडलेले विमान किंवा मागे लागलेले लढाऊ विमान चुकवण्यासाठी वैमानिक ‘कॉर्कस्क्रू’ ही हालचाल करी, म्हणजे तीस टनांचे विमान एका बाजूला तिरके खाली झोकून, मग दुसऱ्या बाजूला तिरके वर चढवून, पिळाच्या आकाराच्या मार्गाने नेई; यासाठी अंगबळ तर लागेच, शिवाय शेपटीकडच्या तोफच्याच्या एका हाकेवर क्षणात कृती करण्याची तयारी लागे. १९४३ पासून जर्मन विमानांनी वरच्या दिशेला रोखलेल्या तोफा बसवून बॉम्बर विमानाच्या खाली, जेथे कोणाचीच नजर पोहोचत नव्हती तेथे, येऊन पंखातील इंधनटाक्यांवर मारा सुरू केला. या नव्या शस्त्राची कल्पना पथकांना फार काळ नव्हती. आकाशात अचानक फुटणारे आगीचे गोळे म्हणजे घाबरवण्यासाठी सोडलेले जर्मन तोफगोळे आहेत, अशी समजूत तळांवर प्रचलित होती, प्रत्यक्षात ती त्यांच्याच सोबत्यांची विमाने होती.

परंतु या व्यवसायाची खरी कसोटी चपळाईत नव्हती, ती स्थिर राहण्यात होती. लक्ष्य जवळ आले की विमानाचा ताबा एका अर्थाने नाकात पालथा झोपलेल्या बॉम्ब सोडणाऱ्याकडे जाई; तो डावे, उजवे, स्थिर, अशा सूचना देई आणि वैमानिक, भोवती तोफगोळे फुटत असताना आणि शरीराचा कण न् कण वळून पळण्यास सांगत असताना, विमान एका रेषेत, एका उंचीवर, एका वेगाने धरून ठेवी. बॉम्ब सुटल्यावर विमान हलके होऊन वर उसळे, तरीही सुटका नसे, कारण बॉम्ब कोठे पडले याचे छायाचित्र आपोआप घेतले जाई आणि त्यासाठी आणखी अर्धा मिनिट तसेच सरळ उडावे लागे. बट यांच्या अहवालानंतर या छायाचित्राला मोहिमेच्या पुराव्याचे महत्त्व आले होते. त्या अर्ध्या मिनिटाचा उल्लेख वैमानिकांच्या आठवणींत जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा शत्रूच्या विमानाचाही येत नसेल.

अशा तीस मोहिमा पूर्ण केल्या की एक ‘टूर’, म्हणजे लढाईची एक पाळी, संपे; त्यानंतर सुमारे सहा महिने प्रशिक्षक म्हणून काम आणि मग वीस मोहिमांची दुसरी पाळी, असा नियम होता. पाथफाइंडर पथकांना सलग पंचेचाळीस मोहिमा कराव्या लागत. एका मोहिमेत शंभरातील पाच विमाने गमावली जातात असे धरले, तर तीस मोहिमांनंतर शंभरातील एकवीसच उरतात, हे गणित कोणत्याही दिशादर्शकाला आपल्या पट्टीवर करता येण्याजोगे होते, आणि १९४३ ते १९४४ च्या हिवाळ्यात बर्लिनवरील मोहिमांच्या काळात वास्तव या गणितापासून फार दूर नव्हते. ३० मार्च १९४४ च्या चांदण्या रात्री न्युरेंबर्गवर निघालेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतली नाहीत. त्या एका रात्री बॉम्बर कमांडची जितकी माणसे मेली, साधारण तितकेच वैमानिक १९४० मधील ब्रिटनच्या संपूर्ण हवाई लढाईत ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाने गमावले होते. पहाटे परतलेल्यांना रम घातलेला चहा देऊन गुप्तवार्ता अधिकारी प्रश्न विचारत. न परतलेल्यांचे सामान आवरून, घरी पाठवण्यायोग्य वस्तू वेगळ्या काढण्याचे काम दिवस उजाडताच सुरू होई आणि संध्याकाळपर्यंत त्या खाटांवर नवी माणसे आलेली असत.

या ताणाखाली मोडणाऱ्यांशी हवाई दल ज्या रीतीने वागले, ती रीत कठोर होती. उड्डाणास नकार देणाऱ्याच्या कागदपत्रांवर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शेरा मारला जाई, त्याचा हुद्दा आणि छातीवरचे पंखांचे चिन्ह काढून घेतले जाई, आणि इतरांना लागण होऊ नये म्हणून त्याला तळावरून तत्काळ हलवले जाई. वीस-पंचवीस मोहिमा केलेल्या माणसालाही हा शेरा लागू शकत होता. प्रत्यक्षात असे शेरे मिळालेल्यांची संख्या फार मोठी नव्हती, मात्र त्या शेऱ्याची भीती सर्वांवर होती, आणि भेदरलेल्या वैमानिकाने विमान उडवत राहणे हे त्याच्या सहा सोबत्यांसाठी किती धोक्याचे आहे, याचा विचार या धोरणात नव्हता.

कप्तानाने सर्वांत शेवटी विमान सोडायचे, हा नियम सागरी परंपरेतून आला होता, परंतु येथे त्याला एक यांत्रिक कारणही होते : इतरांना उडी मारता यावी एवढा वेळ कोणीतरी विमान सरळ धरून ठेवणे आवश्यक असे, आणि ते काम वैमानिकच करू शके. मे १९४२ मधील कलोनवरील हजार विमानांच्या हल्ल्यात लेस्ली मॅन्सर या वीस वर्षांच्या वैमानिकाने हवाई छत्री नाकारून, सर्व सोबती बाहेर पडेपर्यंत मोडके विमान हवेत ठेवले आणि ते त्याच्यासह जमिनीवर आदळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युरिनहून परतताना रॉडन मिडल्टन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने, तोफगोळ्याने एक डोळा गेला असताना, स्टर्लिंग विमान आल्प्स ओलांडून इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत आणले. पाच सोबती वाचले, त्याच्यासह तिघे मात्र समुद्रात बुडाले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले. पदके न मिळालेले, कारण साक्ष द्यायला कोणी उरलेच नाही असे, किती वैमानिक त्याच जागेवर बसून राहिले असतील, हे मोजण्याचे साधन नाही.

दुसऱ्या जबाबदारीकडे वळले की कागदपत्रे एकदम अबोल होतात. वैमानिकाच्या उड्डाण-नोंदवहीत रात्रीची मोहीम लाल शाईने लिहिली जाई, आणि नोंद असे ती तारीख, विमानाचे अक्षर, शहराचे नाव आणि तासांची. हॅम्बर्ग या शब्दापुढे पाच-सहा तासांचा आकडा लिहिलेला असतो. परंतु २७ जुलै १९४३ च्या रात्री त्या शहरात बॉम्बच्या आगी एकत्र येऊन हवा स्वतःकडे खेचणारे अग्निवादळ उठले होते, आणि त्या आठवडाभराच्या हल्ल्यांत ३५,००० ते ४०,००० माणसे, बहुतांश स्त्रिया, मुले आणि वृद्ध, मरण पावली होती, हे त्या वहीत नसते. सुमारे १८,००० फुटांवरून वैमानिकाला दिसे तो प्रकाश. काहींनी नंतर सांगितले की त्यांना तो भव्य वाटला, काहींना तेव्हाच अंगावर काटा आला, आणि बऱ्याच जणांनी जर्मन बॉम्बफेकीत होरपळलेल्या लंडन व कॉव्हेंट्रीची आठवण काढून मन घट्ट केले. त्यांना निर्दय ठरवणे जितके अन्यायाचे, तितकेच त्यांच्या धैर्याच्या आड हॅम्बर्गची मृत मुले झाकणे अन्यायाचे आहे. निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता, पण हात त्यांचे होते, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

ही जाणीव असलेल्या वैमानिकांत लेनर्ड चेशायर यांचे नाव ठळक आहे. ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख असताना, फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोज येथील विमान-इंजिनांच्या कारखान्यावर हल्ला करण्यापूर्वी, त्यांनी आपले लँकेस्टर अगदी खालून, छपरांवरून, पुन्हा पुन्हा नेले, जेणेकरून रात्रपाळीच्या फ्रेंच कामगार स्त्रियांना इशारा मिळून त्या बाहेर पडाव्यात; त्यानंतरच त्यांनी खुणेच्या ज्योती टाकल्या. यात वैमानिकाने दोन्ही जबाबदाऱ्या एकत्र पेलल्या, आणि ते शक्य झाले कारण लक्ष्य एक कारखाना होते, शहर नव्हते. शंभर मोहिमा केलेल्या चेशायर यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो एखाद्या एका कृत्यासाठी नसून चार वर्षांच्या सातत्यासाठी, आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेला अणुबॉम्ब त्यांनी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून विमानातून पाहिला. १९४८ पासून त्यांनी आजारी व अपंग माणसांसाठी निवासगृहे उभारण्यास सुरुवात केली. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते भारतात आले आणि येथील पहिले ‘चेशायर होम’ मुंबईत अंधेरीला सुरू झाले. निराश्रितांसाठी काम करणाऱ्या स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही १९५९ मध्ये मुंबईतच झाला. त्यांचे हे काम म्हणजे युद्धातील कृत्यांचे प्रायश्चित्त होते, असे सरळ समीकरण अनेकदा मांडले जाते. चेशायर यांनी स्वतः ते मान्य केलेले नाही, म्हणून इतरांनीही ते त्यांच्यावर लादू नये.

युद्धाच्या अखेरच्या दिवसांत याच लँकेस्टर विमानांनी, उपासमारीने गांजलेल्या व अजून जर्मन ताब्यात असलेल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये पाचशे फुटांच्या आतबाहेर उडून हजारो टन अन्न टाकले, आणि अनेक वैमानिकांनी आपल्या नोंदवहीतील हीच मोहीम पुढे अभिमानाने दाखवली. राजकीय वारे मात्र आधीच फिरले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बफेकीत ड्रेस्डेन हे जर्मन शहर जळाले, तेथे सुमारे २५,००० माणसे मेली, आणि मार्चअखेरीस पंतप्रधान चर्चिल यांनीच आपल्या लष्करप्रमुखांना लिहिलेल्या टिपणात शहरांवरील बॉम्बफेकीबाबत प्रश्न उभा केला. मे महिन्यातील विजयाच्या भाषणात त्यांनी बॉम्बर कमांडचा उल्लेख टाळला. ज्यांनी हे धोरण मंजूर केले त्यांनी ते विसरावे आणि ज्यांनी ते पार पाडले त्यांच्या माथी ते कायमचे राहावे, असा हा प्रकार होता.

बॉम्बर कमांडसाठी स्वतंत्र मोहीमपदक असावे, आणि ते विमानकर्मींइतकेच जमिनीवरील यंत्रज्ञांनाही मिळावे, हा हॅरिस यांचा आग्रह फेटाळला गेला. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये स्मारक उभे राहण्यास २०१२ साल उजाडले. तेथे मोहिमेवरून परतलेल्या सात विमानकर्मींचे कांस्य पुतळे आहेत, छतात बेल्जियममध्ये पाडल्या गेलेल्या एका हॅलिफॅक्सचे ॲल्युमिनियम वापरले आहे, आणि बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व राष्ट्रांतील लोकांचे स्मरण करणारा लेखही तेथे कोरलेला आहे. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, पूर्वीच्या पदकाच्या फितीवर लावण्याची ‘बॉम्बर कमांड’ अशी एक लहानशी पट्टी सरकारने दिली. तोवर हयात वैमानिक नव्वदीच्या घरात पोहोचले होते. ही पट्टी केवळ विमानकर्मींसाठी आहे. ज्यांनी फॉर्म ७०० वर आधी सही करून विमान वैमानिकाच्या हवाली केले, त्या यंत्रज्ञांना ती मिळालेली नाही.